पाजलं की सोडायचं गाणं

चौसाळा
४ नोव्हेंबर २०२४

रामेश्वर,

वर चिरंजीव आणि त्याखाली अनेक उत्तम आशीर्वाद, असं लिहायची रीत मलाही ठाऊक आहे. सध्या आशीर्वादांचा साठा संपलाय, म्हणून नुसतं नाव लिहिलं. काल भाऊबीज झाली. मी पाट मांडला नाही. तुझे दाजी म्हणाले, ‘मांड की, येईल बी एखांद्या वक्ती.’ मी म्हटलं, ज्याला दीड वर्षात पुण्याहून चौसाळ्याचा रस्ता सापडला नाही, त्याला निरांजनाच्या उजेडात सापडणार आहे होय? मग ते दुकान उघडायला गेले.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर आवाज जातो, आणि आपल्या घरातल्या आवाजाचं पुढे काय होतं ते आपण पाहिलं आहे. कागदावरचं अक्षर अजून कुणी वाजवून विकत नाही, म्हणून लिहिते.

मुद्द्याचं सांगते. आपल्या चॅनलवरचा आईचा व्हिडिओ मुका झाला.

आपला म्हणजे ह्यांच्या दुकानाच्या नावाने काढलेला चॅनल, ‘अभिमन्यू मोबाईल’. त्यावर फुटलेली काच कशी बदलायची याचे व्हिडिओ आहेत, ते कुणी बघत नाही. आणि आईचा एक आहे. तलवाड्याला बद्रीनाथ पाटलांच्या शेतात आपल्या मेंढ्या बसवल्या होत्या तेव्हाचा, तू स्वतः काढलेला. सकाळची वेळ, अंगावर घोंगडी घेऊन आई खाली बसलेली. चांदी मेंढी पहिलटकरीण, कोकराला जवळ येऊ देईना, लाथा मारी. मी तिचे पाय धरले होते. गाण्याच्या आधी आई मला ओरडते, ‘आंजे, पाय धर नीट, लग्नाला आल्यावानी कावून बसलीस?’ आणि मग ती गायला लागते. तुला तर सगळं पाठ असेल. तुझा धंदाच तो आहे.

काढला होता ह्यांच्या मोबाईलवर. तो मोबाईल पुढे हौदात पडला, पण त्याआधी ह्यांनी व्हिडिओ चॅनलवर टाकून ठेवला होता, म्हणून वाचला. आता लावला की चित्र चालतं, आईचं तोंड हलतं, चांदी लाथ मारते, आणि आवाज काही नाही. खाली लिहून येतं की हक्कदाराच्या दाव्यामुळे आवाज बंद केला आहे. हक्कदार म्हणजे तू आईचं गाणं जिला विकलंस ती तुझी कंपनी. मी हरकतीचं बटण दाबलं. त्यांनी विचारलं, तुमचा या गाण्यावर हक्क काय? मी लिहिलं, व्हिडिओत मेंढीचे पाय धरून बसली आहे ती मी, आणि गाते ती माझी आई. ही हरकत निकालासाठी गेली कुणाकडे, तर कंपनीकडेच. त्यांनी ती फेटाळली. मग ह्यांनी तिथे फोन लावला. एक मुलगा फार गोड बोलला. म्हणाला, ‘सर, आम्ही काही केलं नाही, सिस्टीमने आवाज ओळखला.’ सिस्टीमला आपली आई ओळखता आली, रामेश्वर. लेकीला मात्र ओळखत नाही ती.

माझं मागणं एकच आहे. कंपनीला सांग आणि तेवढा आवाज मोकळा करून दे. बाकी ते गाणं कुठे वाजवायचं ते वाजवा.

आई सध्या माझ्याकडे आहे. गुडघे धरलेत, म्हणून यंदा मेंढ्यांमागे गेली नाही. आबा आणि सुग्रीवदादा दोघेच तलवाड्याकडे निघालेत. आई बरी आहे. जेवते, झोपते. बोलायचं म्हटलं तर ती आधीही कुठे फार बोलायची? तो व्हिडिओ मात्र तिला रोज लागतो, म्हणून घाई करते आहे.

आक्का
(हे नातं अजून कुणाला लिहून दिलं नसशील, अशी आशा आहे.)


चौसाळा
२६ नोव्हेंबर २०२४

रामेश्वर,

तुझं पाकीट मिळालं. ह्यांच्या खात्यावर टाकलेले पैसे आले त्याच वाटेने परत पाठवले आहेत. रागावू नकोस. आईच्या औषधाला म्हणून पाठवलेस ते कळलं, पण ते ज्या गाण्याचे आहेत त्या गाण्याचे मला नकोत.

तू धंद्याचा सगळा हिशेब उलगडून लिहिलास ते बरं केलंस. आम्हाला वाटत होतं, लेकरांच्या व्हिडिओत तेच, लग्नात तेच, दुधाच्या पावडरीच्या जाहिरातीतही तेच, म्हणजे राम्याने पुण्यात बंगला बांधला असेल. तू लिहितोस की गाणं हजारदा वाजलं की एका चहाचे पैसे सुटतात, त्यातला अर्धा कप कंपनी पिते, उरलेल्यातला घोट मधला पोचवणारा घेतो, आणि तुझ्याकडे बशी येते. जाहिरातीचे पैसे तर तुला दिसलेच नाहीत, कारण ते कागदात वेगळ्या कलमात होते आणि कलम इंग्रजीत होतं. वाचून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? आई विकायचीच होती तर भाव तरी नीट करायचास, वेड्या.

ह्यांना हे वाचून दाखवलं तर हसले. दुकानावर अजून जुनी पाटी आहे, ‘गाणी भरून मिळतील’. तुला आठवत असेल, दसऱ्यानंतर कारखान्याला निघालेल्या ट्रॅक्टरवाल्यांची आपल्या दारात रांग लागायची आणि हे पोतंभर गाणी एकेका कार्डात कोंबून द्यायचे. म्हणाले, ‘दहा वर्सं दुसऱ्याची गानी कार्डात भरून पोट भरलं. आता आपल्या घरी चोरी झाली तर कोन्त्या तोंडानं बोंबलू?’ मग म्हणाले, ‘पन येक हाय आंजू. म्या गानं भरून दिलं म्हनून ज्याचं गानं त्याचं तोंड कदी बंद झालं न्हाई.’ यावर तुझं काय म्हणणं आहे ते कळव.

पाकिटातला पेन ड्राइव्ह लावला. तू म्हणतोस हा आईचा साधा, बिनवाद्याचा आवाज आहे, हाच ऐकव तिला. अरे, पण तू तो धुऊन काढला आहेस. मेंढ्या गेल्या, वारं गेलं, चांदीचं धुसफुसणं गेलं. मला ओरडलेलं तर सगळ्यात आधी कापलंस. मधे मधे आई श्वास घेते तोही पुसून टाकलास. आईने थोडं ऐकलं आणि मान भिंतीकडे वळवली. काय म्हणाली, असं विचारू नकोस. आणि तुझ्याकडचं मूळ तू असं पुसून कंपनीच्या हवाली केलंस, म्हणजे आता धड आवाज राहिला तो फक्त आपल्या मुक्या व्हिडिओतच.

आता खरी गोष्ट. तुझ्या कागदावर गीत रामेश्वर, संगीत रामेश्वर, आणि आईचं नाव तिसऱ्या ओळीत. तू लिहितोस, पारंपरिक असं लिहिलं असतं तर कंपनीने गाणं घेतलंच नसतं, कारण जे सगळ्यांचं आहे ते विकत कोण घेईल? आणि मालक एकदा लिहिला की तो दावा सगळ्या जगावर लागतो, घरच्यांवरसुद्धा, हे तुला माहीत नव्हतं. आवाज मोकळा करायचा तर तुला लिहून द्यावं लागेल की हे गाणं तुझं नाही, तू खोटं लिहिलंस. मग कंपनी दिलेलं परत मागेल आणि तुझी बाकीची गाणीही उतरवेल. म्हणून थोडा धीर धर, म्हणतोस.

मीही तुला एक सांगते, तू ते विसरला आहेस किंवा तुला कुणी नीट सांगितलं नाही. दीड वर्षापूर्वी आपल्या नात्यातल्या मंजुषाच्या लग्नात लिंबागणेशला ते डीजेवर वाजलं, तेव्हा आई उठून का गेली? तुम्ही सगळे म्हणालात, लाजली. मी तिच्यामागे गेले होते. ती मांडवामागे पाण्याच्या टँकरला धरून उभी होती. मला म्हणाली, ‘आंजे, चांदीनं कवाच पाजलं की गं. हे आजून कावून थांबंना?’

ते गाणं थांबवायचं असतं, रामेश्वर. कोकराला टाकलेल्या मेंढीपुढेच ते गायचं. मेंढीचं नाव घ्यायचं, आणि कोकराला एरवी नाव नसतं, पण टाकलेल्याला तेवढ्यापुरतं द्यायचं. तिने त्याला हुंगलं, कासेला लागू दिलं, की तिथंच सोडायचं. पुढचा शब्द तोंडात असला तरी गिळायचा. तिने पाजल्यावरही गात राहिलं तर मेंढीला वाटतं अजून कुणाचंतरी उपाशी आहे, आणि तिचा पान्हा बिथरतो. आजीने आईला हे शिकवलं, तिला तिच्या सासूने. त्याला शेवटचं कडवंच नाही. आणि तू त्याचं चक्र लावलंस, संपलं की पुन्हा सुरू. त्या दिवशी आईच्या डोळ्यांसमोर तीनशे माणसं नाचत होती आणि तिच्या लेखी एक कोकरू उपाशी होतं.

कुणी केलं हे, असं तिने विचारलं. मी सांगितलं. तेव्हा ती म्हणाली, ‘राम्याचं नाव माज्याम्होरं काढायचं न्हाई.’ तेव्हापासून कुणी काढलं नाही.

आक्का


तलवाडा
१९ डिसेंबर २०२४

रामेश्वर,

तुझी तीन पत्रं आली आणि ह्यांच्या मोबाईलवर रोज तुझे फोन. आईला दे, आईला दे. कधी ती झोपलेली असते, कधी शेजारच्या मोहिनीकडे गेलेली असते. गुडघे धरलेली बाई दिवसभर हिंडते कशी, असं तू विचारलंस. बरोबर विचारलंस. सांगते, पण आधी इथलं सांगू दे, कारण त्यातूनच मला ते सांगायचं बळ आलं.

आईजवळ ह्यांना बसवून मी आबांना भाकरी-पिठाचं द्यायला इथे आले. मेंढ्या यंदाही बद्रीनाथ पाटलांच्याच रानात बसवल्यात. काल सकाळी एक मेंढी व्याली आणि कोकराकडे ढुंकून बघेना. आबांनी कोकराच्या अंगाला तिचंच दूध चोळलं, सुग्रीवदादाने तिला खुंट्याला आवळून बांधलं, पण काही उपयोग झाला नाही. कोकरू उठायचं, जवळ जायचं, लाथ खायचं आणि पडायचं. आबा म्हणाले, ‘तुजी माय असती तर आतापस्तोर पाजून मोकळी झाली असती.’ मग म्हणाले, ‘तू म्हन की.’

मी म्हटलं गाणं. माझा गळा तुला माहीत आहे, शाळेत प्रार्थनेला बाई मला नुसते ओठ हलवायला सांगायच्या. मेंढीने माझ्याकडे असं पाहिलं की मीच थांबले. मग मला वाटलं, मोबाईल आहे की. लावला. आधी कर्ज देणाऱ्या कुणाची तरी जाहिरात लागली, एक बाई ओरडून सांगत होती की दोन मिनिटांत पैसे. मेंढीचे कान ताठ. मग आपला व्हिडिओ लागला, आईचं तोंड हललं आणि आवाज आला नाही. ते मला ठाऊकच होतं, तरी का लावला कोण जाणे. सुग्रीवदादाने तुझं डीजेचं लावलं, तर ढोल पडताच सगळा कळप उसळला आणि कळपाभोवतीची वाघराची जाळी तुटता तुटता राहिली.

आबांनी माझा मोबाईल हातात घेतला. उलटापालटा केला. म्हणाले, ‘ह्या डबड्यात तुजी माय हाय म्हनतीस. मंग ती मुकी कावून?’

मला तिथंच रडू कोसळलं, रामेश्वर. आबाही मग तोंड फिरवून बसले. आता तुला सांगते. आई मुकी झाली आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी चूल पेटवता पेटवता ती एका अंगावर कलली. बीडला दवाखान्यात नेलं. उजवा हात गेला, पाय थोडा सुधारला, भिंतीला धरून चालते. पण बोलणं आलं नाही. तिला सगळं कळतं. तोंडातून फक्त ‘हां’ निघतं. पाणी हवं तरी हां, नको तरी हां, आणि मग आपल्याला कळलं नाही की रागाने डोळे भरतात तिचे.

तुला का कळवलं नाही? तिने तुझं नाव काढू नका म्हटलं होतं, आणि ते फिरवायला तिच्याकडे शब्द उरले नव्हते. हे एक. दुसरं, मला तुझा राग होता. तिसरं खरं आहे ते सांगते: तू धावत आला असतास आणि तिने तुझ्याकडे पाठ केली असती, तर ते मला बघवलं नसतं. ज्या मेंढीने कोकराला लाथ मारली तिला बांधून घालता येतं. आईला काय करणार होते मी?

दवाखान्यातून आणल्यावर एकदा सहज मी तिच्यापुढे व्हिडिओ लावला. ‘आंजे, पाय धर नीट’ हे ऐकलं आणि ती हसली. नंतर रोज बोट दाखवून मागायला लागली. तिचं बोलणं म्हणून जे काही जगात उरलं होतं ते तेवढंच होतं, आणि ते दिवाळीच्या तोंडावर बंद झालं. आता ती मोबाईल बघते, स्वतःचं हलणारं तोंड बघते, मग आपल्या गळ्याला हात लावते. तिला वाटतं, आजार वाढला.

इतकंच होतं. त्या कोकराला शेवटी रबरी बाटलीने पाजलं. ते जगेल, पण आबा म्हणतात ते माणसामागे हिंडणार, कळपात मिसळायचं नाही. तुझ्याविषयी त्यांनी एकच निरोप दिलाय, तो त्यांच्याच शब्दांत लिहिते. ‘त्याला म्हनाव, समदी मेंढरं इकून खाल्ली असतीस तरी म्या बोल्लो नसतो बे. पुन्यांदा घेतली असती. गानं कुठल्या बाजारातून आनू?’

मी पुन्हा मागत नाही. तुला कळेल ते कर.

आक्का


चौसाळा
१६ जानेवारी २०२५

रामेश्वर,

तिळगूळ घे. दोन लाडू पाकिटात टाकलेत, पोस्टवाल्याने शिक्का मारून चुरा केला असेल तर तसाच खा.

परवा संक्रांतीच्या दिवशी हे दुकानातून पळत घरी आले. पायात चप्पल नाही. मोबाईल पुढे धरून म्हणाले, ‘बोलली, बोलली.’ मला आधी वाटलं कोण. मग ऐकलं. वारं, मेंढ्या, चांदीचं फुरफुरणं, आणि ‘आंजे, पाय धर नीट’.

तुझं पत्र त्याच्या मागोमाग आलं. तू कंपनीत जाऊन लिहून दिलंस की शब्द तुझे नाहीत, चालही तुझी नाही, तू ते फक्त मोबाईलमध्ये धरलं होतंस. तुझी सगळी गाणी त्यांनी उतरवली, स्टुडिओतलं बसणं बंद झालं, आणि तू आता हडपसरला कुणाच्या तरी मंगल कार्यालयात माईक लावायला जातोस. तू लिहितोस की ते गाणं अजूनही लोकांच्या मोबाईलमध्ये वाजतंच आहे, ते काही कुणाला परत आणता येणार नाही, फक्त आता त्यावर तुझं नाव नाही. मला तुझा अभिमान वाटला. मोठ्या बहिणीने हे असं लगेच सांगायचं नसतं, डोक्यावर बसतोस तू. पण वाटला.

आईपुढे व्हिडिओ लावला. तिने स्वतःचं ओरडणं ऐकलं, आणि डाव्या हाताने माझ्या पायावर फटका मारला. जोरात लागला. मी तो दिवसभर मिरवला. मग तिने गाणं पूर्ण ऐकलं, म्हणजे जिथे चांदीने पाजलं आणि ती अर्ध्या शब्दावर थांबली तिथपर्यंत. थांबल्यावर मान हलवली. हां म्हणाली. हे हां कुठलं ते मला पहिल्यांदा नीट समजलं.

सामान बांध आणि ये, असं मी लिहिणार होते. तू आधीच लिहून मोकळा झालास की येणार नाहीस. ‘आईने तोंड फिरवलं तर मला सोसणार नाही, आक्का, तूच लिहिलं होतंस,’ म्हणतोस. लिहिलं होतं खरं.

आक्का


चौसाळा
३० जानेवारी २०२५

चि. राम्या,

हे पत्र घाईत लिहिते आहे, अक्षर लागलं नाही तर कुणाकडून वाचून घे.

गेल्या आठवड्यात एका सकाळी मी भाकरी थापत होते आणि आतून आईचा आवाज आला. मला वाटलं ह्यांनी व्हिडिओ लावला. मग ध्यानात आलं, हे दुकानात आहेत आणि मोबाईल माझ्याजवळ पीठ लागून पडलाय. मी आत गेले. आई खाटेवर बसली होती, भिंतीला टेकून, डोळे मिटलेले, आणि गात होती. शब्द अडखळत होते, पण शब्दच होते. पाणी म्हणता येत नाही त्या तोंडातून अख्खी ओळ निघत होती. बीडच्या डॉक्टरांना फोन केला, तर ते म्हणाले असं होतं कधीकधी. बोलणं जातं आणि गाणं मागे राहतं, कारण दोन्ही डोक्यात वेगवेगळ्या घरी राहतात. त्यांना नवल वाटलं नाही. मला अजून वाटतंय.

आता नीट वाच. चांदीसमोर तिने काय म्हटलं होतं ते तुझ्या कानात पक्कं असेल.

हुंग गं चांदे, हुंग गं बाय,
भोऱ्या तुजाच, दुसऱ्याचा न्हाय.
पोटात व्हता तवा वजं न्हवतं,
दारात आला तर जड कावून?

मला वाटलं तेच म्हणत असेल. मी खाटेशी बसले आणि ऐकलं. ती चांदीचं नाव घेत नव्हती.

हुंग गं कडू, हुंग गं बाय,
राम्या तुजाच, दुसऱ्याचा न्हाय.

आईला ‘कडू’ अशी एकेरी हाक तिच्या आईशिवाय कुणी मारलेली मी ऐकली नाही. आबासुद्धा कडूबाई म्हणतात. ती स्वतःलाच हाक मारत होती, राम्या. स्वतःलाच समजावत होती, जशी ती आयुष्यभर अडून बसलेल्या मेंढ्यांना समजावत आली.

मी हातातला मोबाईल बाहेर चुलीपाशी ठेवून आले. हे दुकानातून आले, त्यांनाही खुणेने सांगितलं, खिशातून काढायचा नाही. हे गाणं कुठेही नाही, कुणाच्या नावावर नाही. ऐकायचं तर त्या खाटेपाशी येऊन बसावं लागेल.

पण तेव्हापासून ती थांबत नाही. दमली की झोपते, उठली की पुन्हा तिथूनच. जेवताना घास तोंडात असला तरी ओठ हलतात. मोहिनी म्हणाली, चहाबिहा देऊन गुंतवा, विसरेल. ह्यांनी टीव्ही लावून बघितला. मी हात धरून म्हटलं, आई, बस कर, घसा बसेल. ती माझ्याकडे अशी बघते की मी तिला काहीतरी वावगं सांगतेय. तिला थांबता येणार नाही. पाजल्याशिवाय सोडायचं नाही, ही तिचीच रीत.

काल आबा तलवाड्याहून आले. मेंढ्या सुग्रीवदादावर टाकून आले, जे त्यांनी माझ्या लग्नातही केलं नव्हतं. आत गेले नाहीत, उंबऱ्यावरच बसले आणि सगळं ऐकलं, तुझं नाव ऐकलं. मी पाणी दिलं ते तसंच हातात होतं. मग म्हणाले, ‘मेंढी तयार हाय की गं आंजे. कोकरू कुठं हाय?’

बीडला उतरलास की चौसाळ्याची गाडी लगेच मिळते. हायवेच्या थांब्यावर तुझे दाजी उभे राहतील. येताना काही आणू नकोस, आणि दारात बोलत बसू नकोस. सरळ आत ये, तिच्या पुढ्यात बस आणि डोकं तिच्या नाकापाशी वाकव. पुढचं तिला येतं.

तुझी आक्का